जीपच्या पोटाखाली

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि नगर–मनमाड रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रीघ लागते. शेतातून वर येणाऱ्या प्रत्येक चाकाबरोबर थोडी काळी माती डांबरावर येते. रात्री तिच्यावर दव पडतं आणि सकाळी राहाता ते कोपरगाव हा पट्टा जागोजागी राड झालेला असतो. शिर्डीला दर्शनाला आलेल्या गाड्या रस्त्याकडेच्या वॉशिंग सेंटरवर थांबतात, फेसानं न्हाऊन निघतात, टायरला काळं पॉलिश लावून मार्गाला लागतात. जुन्या जीपचा मालक त्याच रांगेत उभा राहिला तरी बॉनेटकडे बघत नाही. तो गुडघ्यावर बसतो, मान तिरकी करतो आणि आधी खाली बघतो.

त्याचं बरोबर आहे. चाळीस-पन्नास वर्षं वापरलेली गाडी मरते ती बहुधा खालून. पत्रा ठोकून घेता येतो, रंग नवा मारता येतो, सीटा कुठल्याही बाजारपेठेत शिवून मिळतात. पण चेसी कुजली किंवा डिफरन्शियलचे दाते झिजले की काम मोठं होतं, आणि जुन्या मॉडेलचे सुटे भाग शोधण्यात महिने जातात. हे टाळायला वर्षातून एक दिवस आणि पाचएक लिटर ऑइल पुरतं. खालचा भाग खरवडून धुणं हे वॉशिंगवाल्याचं काम आणि गिअर ऑइल बदलणं हे मिस्त्रीचं, अशी आपल्याकडे वाटणी झालेली आहे. जुन्या गाडीच्या बाबतीत ही वाटणीच चुकीची आहे. माती बाहेरून आत जायला बघते, ऑइल आतून बाहेर यायला बघतं, आणि दोघांची गाठ त्याच सीलवर, त्याच पॅकिंगवर पडते.

या भागात जुनी गाडी म्हटलं की डोळ्यांपुढे जीपच येते, त्याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर विलिसनं तीच गाडी शेतकऱ्यांसाठी पुढे आणली. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रानं तिचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला त्या जुळवायला सुरुवात केली, आणि पुढे गाडी टप्प्याटप्प्यानं इथेच बनू लागली. नेमक्या त्याच काळात शिर्डीपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहत होता. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. १९५२ साली सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप गावोगाव दिसू लागली. कारखान्याची जीप, बीडीओची जीप, निवडणुकीतली जीप, आणि साईनगर शिर्डीचं रेल्वे स्टेशन २००९ साली सुरू होईपर्यंत कोपरगाव स्टेशनावरून भाविकांना दाटीवाटीनं आणणाऱ्या जीपा. लिलावात निघालेल्या, हातोहात विकल्या गेलेल्या त्यातल्या काही गाड्या आजही वस्तीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या आहेत आणि किल्ली फिरवली की चालू होतात.

वरून त्या टिकल्या यात हवेचा वाटा मोठा आहे. राहाता, कोपरगाव हा पर्जन्यछायेचा मुलूख. कोकणातली गाडी पत्र्याच्या प्रत्येक सांध्यातून गंजते, इथे हवा कोरडी असते. पण धरणाच्या आणि पाटाच्या पाण्यानं जमीन हिरवी केली तशी ती कित्येक ठिकाणी चोपणही केली. निचरा नसलेल्या काळ्या रानात पाणी साचतं, खालचे क्षार वर येतात आणि उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर दिसू लागतो. तीच माती जीपच्या पोटाला चिकटते.

काळी माती ही गाडीच्या दृष्टीनं वाईट माती. तिचे कण अतिशय बारीक असतात, त्या कणांच्या थराथरांत पाणी शिरतं आणि माती फुगते. चेसीच्या आडव्या पट्टीवर, पाट्यांच्या यू-बोल्टपाशी, मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात बसलेलं ढेकूळ वरून वाळलेलं दिसतं, पण बोटानं फोडलं तर आत ओल सापडते. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. ओल्या मातीचा पोटीस दोन्ही पुरवतो, आणि मातीत क्षार असले की गंजण्याची क्रिया आणखी वेगानं होते. पाऊस दोन तासांत ओसरतो, ढेकूळ महिनाभर ओलं राहतं.

म्हणून काम सुरू होतं ते खरवडण्यापासून. पाण्याचा नोझल त्यानंतर.

त्याआधी एक गोष्ट प्राणाशी गाठ असलेली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी जाऊ नये, मग मिस्त्री कितीही जुना असो. हायड्रॉलिक जॅकचं सील केव्हाही बसतं. विटांची उतरंड लावून गाडी टेकवायची पद्धत अजून दिसते, पण वीट वजनाखाली वाकत नाही, एकदम फुटते. चेसीखाली लोखंडी घोड्या लावायच्या, जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून मोठे दगड लावायचे, गाडी हातानं हलवून बघायची, आणि मग आत सरकायचं. खड्डा किंवा रॅम्प असलेलं गॅरेज मिळालं तर सगळ्यात उत्तम.

खरवडायला लाकडाची पट्टी किंवा प्लॅस्टिकचं उलथणं घ्यावं. लोखंडी पटाशी रंगही काढते आणि तिथेच नवा गंज सुरू होतो. मोठी ढेकळं निघाली की ऑइल आणि धूळ मिळून झालेला काळा चिकट थर उरतो. यावर बहुतेक ठिकाणी डिझेल मारतात. थर सुटतो हे खरं, पण डिझेल रबराला लागलं की पाट्यांचे बुश आणि सील फुगून मऊ पडतात. पाण्यात मिसळणारं डिग्रीझर आणि जाड दाताचा ब्रश यांनी तेच काम होतं, फक्त हात जास्त दुखतो. प्रेशरचं पाणी शेवटी मारावं, आणि तेही चेसी आणि मडगार्डवर. एक्सलच्या टोकांची सीलं, गिअरबॉक्सचं मागचं तोंड, शाफ्टचे क्रॉस आणि वायरिंग यांच्यावर जवळून नोझल धरला तर पाणी आणि बारीक वाळू नको तिथे जाते. चेसीच्या पोकळ पट्ट्यांना खालून छोटी भोकं असतात. ती तारेनं मोकळी करणं हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि न केलं तर धुतलेलं सगळं पाणी चेसीच्या आतच साठून राहतं.

धुऊन एक रात्र गेली की गाडी बोलायला लागते. चिखलाखाली झाकलेली गळती आता नेमकी दिसते: कुठलं पॅकिंग ओलं आहे, कुठला बोल्ट सैल आहे, कुठे तडा आहे. आधी ऑइल बदलून नंतर धुणाऱ्याला हे दिसत नाही. शिवाय मातीनं माखलेला प्लग खोलला तर त्या भोकातून वाळूचे कण आत पडतात आणि नव्या ऑइलबरोबर दात्यांमध्ये फिरत राहतात. आधी स्वच्छता, मग प्लग.

जुन्या फोर-व्हील जीपमध्ये ऑइलची चार घरं असतात: गिअरबॉक्स, त्याच्या पाठीला चिकटलेला ट्रान्सफर केस, पुढचा एक्सल आणि मागचा एक्सल. ट्रान्सफर केस इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटतो. प्रत्येक घरात साधारण सव्वा ते दीड लिटर मावतं. इंजिन ऑइल न चुकता बदलणारा माणूस या चार घरांकडे वर्षानुवर्षं फिरकत नाही, कारण ती आवाज करत नाहीत आणि डॅशबोर्डवर त्यांचा दिवा नसतो.

गाडी आधी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणावी. गार गिअर ऑइल काकवीसारखं ओघळतं आणि तळाचा गाळ जागेवरच राहतो, गरम झालं की गाळासकट बाहेर पडतं. मग येतो या कामातला सगळ्यात मोलाचा नियम: आधी वरचा, भरायचा प्लग खोलायचा. तो सुटतो याची खात्री झाली की मगच खालचा. अनेकांनी उलटं केलेलं आहे. खालचा प्लग सुटला, ऑइल वाहून गेलं, आणि वरचा वीस वर्षांच्या गंजानं असा धरलेला की पान्यानं त्याचे कोनच गेले. आता गाडी कोरड्या डिफरन्शियलवर उभी, ऑइल भरायला वाट नाही.

“आधी वरचा खोला भाऊ, मग खालच्याला हात लावा,” हे वाक्य शिकाऊ पोराला पहिल्याच दिवशी ऐकवलं जातं ते एवढ्यासाठी.

खालचा प्लग सुटताना पहिली धार जाड, काळपट येते आणि तिचा वास लगेच नाकात भरतो. उग्र, गंधकाचा, फटाके वाजून गेल्यावर गल्लीत रेंगाळतो तसा. मुरलेला मिस्त्री या क्षणी घाई करत नाही. तो धारेत दोन बोटं धरतो, अंगठ्यानं चोळतो आणि उन्हात बघतो. काळं, गुळगुळीत असेल तर ऑइल नुसतं म्हातारं झालंय. दुधाळ, चहासारखं असेल तर पाणी शिरलंय. सोनेरी चमक दिसली तर ती गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांची झीज. प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असतो, लोण्यासारखा, आणि एवढी झीज कुठल्याही दात्यांची होतेच. पण त्या लेपात नखाला टोचणारी कपची लागली, तर दाता कुठेतरी तुटला आहे. मग नवं ऑइल भरून उपयोग नाही, झाकण उघडावं लागतं.

पाणी आत कसं जातं, याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. डिफरन्शियल चालताना तापतं, आतली हवा फुगते. तिला वाट मिळावी म्हणून एक्सलच्या वर करंगळीच्या पेराएवढा ब्रीदर असतो, श्वास घ्यायची जागा. ब्रीदर चिखलानं बुजला की ती हवा ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते. ते मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं आणि ब्रेक लागेनासा होतो. आता हीच तापलेली गाडी ओढ्यात किंवा पाटाच्या पाण्यात घातली, तर एक्सल एकदम गार पडतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी ओढून घेते. ब्रीदर काढून डिझेलमध्ये बुडवायचा, फुंकून मोकळा करायचा, जागेवर लावायचा. पैसा एक लागत नाही. सील बदलूनही गळती थांबत नसेल तर बघायची पहिली जागा हीच.

समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाल्यापासून ऑइल वेळेवर बदलण्याला नवं महत्त्व आलं आहे. जुन्या सीजे थ्री-बी जीपच्या एक्सलमधलं प्रमाण ५.३८ असतं, म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्टला पाचाहून जास्त फेरे. ओढीला, चढाला, नांगरटीला हे प्रमाण उत्तम. पण मोकळा रस्ता मिळाला म्हणून ती तासन् तास दामटली तर गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल दोन्ही अशा उष्णतेला पोचतात की जुनं ऑइल तिथे टिकत नाही.

पुढच्या एक्सलवर आणखी एक जागा आहे, जिथे माती आणि वंगण यांचं भांडण उघड्यावर दिसतं. पुढच्या चाकांच्या आतल्या अंगाला लोखंडी अर्धगोल असतो, वाटी उपडी घातल्यासारखा. चाक वळतं तेव्हा बाहेरचं कवच या गोलावर सरकतं, आणि मधलं सील व नमद्याची पट्टी तो गोल पुसत राहते. आत वंगण आणि चाक फिरवणारा जॉइंट. गोल गुळगुळीत असेपर्यंत सगळं ठीक. पण त्यावर वाळलेला चिखल तसाच ठेवून स्टिअरिंग फिरवलं की तो पॉलिश पेपरसारखा घासतो, गोलावर बारीक चरे पडतात, प्रत्येक चरा सील खातो आणि वंगण चाकावर उडायला लागतं. सील बदलता येतं, चरे पडलेला गोल पूर्ववत करणं कटकटीचं. पावसाळ्यात दर आठवड्याला तो गोल ओल्या फडक्यानं पुसून वर बोटभर ग्रीस फिरवणारे लोक आहेत, आणि त्यांच्या जीपा गळत नाहीत.

कुठलं ऑइल भरायचं, यावर गॅरेजात वाद होतात. डब्यावर ९० लिहिलेलं बघून अनेकांना वाटतं, हे इंजिनच्या ४०-५० नंबरच्या ऑइलपेक्षा दुप्पट जाड. तसं नाही. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. गिअर ऑइलचा ९० नंबर इंजिनच्या ४० ते ५० नंबरच्या आसपासच दाट असतो. खरा फरक आत मिसळलेल्या द्रव्यांचा. डिफरन्शियलमधली लहान पिनियन मोठ्या क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेली असते. त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घसरतातही, आणि त्या दाबाखाली साधं ऑइल पिळून निघतं. तिथे गंधक आणि फॉस्फरसची द्रव्यं धातूवर पातळ थर धरतात आणि दाता दात्याला चिकटू देत नाहीत. ही द्रव्यं भरपूर असलेल्या ऑइलच्या डब्यावर जीएल-५ लिहिलेलं असतं. एक्सलला ते योग्य. गिअरबॉक्समध्ये मात्र पितळी रिंगा असतात, आणि जीएल-५ मधलं गंधक पितळ खाऊ शकतं. म्हणून जुन्या गिअरबॉक्सला जीएल-४ सुचवतात. दुकानदार दोन्हींसाठी एकच डबा पुढे करतो, तेव्हा गाडीचं पुस्तक उघडावं. एमजीबीसारख्या काही ब्रिटिश जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये तर इंजिन ऑइलच घालायचं असतं.

भरताना पंपानं सावकाश भरायचं आणि वरच्या भोकाच्या कडेवरून ऑइल ओघळू लागलं की थांबायचं. गाडी सपाट असली पाहिजे, तिरकी उभी असेल तर हा अंदाज फसतो. प्लगची तांब्याची वायसर नवी लावावी. बाकी राहिलेलं भराभर: शाफ्टच्या क्रॉसच्या निपलांत जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं मारायचं, स्टिअरिंग बॉक्स बघायचा, आणि ब्रेकचं ऑइल दोन वर्षांनी बदलायचं, कारण ते हवेतली ओल शोषून घेतं.

आणि मग जळकं ऑइल. इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल स्प्रेगननं गाडीच्या पोटाला मारायची जुनी रीत आहे, गंज लागू नये म्हणून. ती सोडायला हवी. त्या ऑइलमध्ये जळून तयार झालेली विषारी द्रव्यं आणि धातूची झीज असते. ते रबर खातं, धूळ ओढून घेतं आणि पहिल्या पावसात धुऊन थेट मातीत उतरतं. शेडपासून चार पावलांवर विहीर असते, त्याच विहिरीचं पाणी घरात प्यायलं जातं. वापरलेलं ऑइल कायद्यानं घातक कचऱ्यात मोडतं आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा होण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्यांवरही आली आहे. गाडीवाल्यानं करायचं ते एवढंच, की झाकणाच्या कॅनमध्ये भरून ते ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्यायचं.

पोटाला लावायचंच तर, गंज ब्रशनं काढून उरलेल्यावर फॉस्फरिक आम्ल असलेलं रसायन लावावं, वाळल्यावर प्रायमर, आणि वर मेणासारखं संरक्षक. डांबरी अंडरकोटिंगचा जाड थर दिसायला भक्कम असतो, पण दगड लागून त्याला चीर पडली की पाणी मागे शिरतं आणि आतल्या आत गंज चालू राहतो. वरून काळं कुळकुळीत, आतून चाळणी. जुनी जीप विकत घेणाऱ्यानं ताज्या डांबरी थराकडे संशयानंच बघावं.

अशा गाड्यांना आता कायद्यातही जागा मिळाली आहे. २०२१ च्या जुलैत केंद्रानं केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूप न बदललेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि तिच्या नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला आणि इंधन भरायला रस्त्यावर आणायची. म्हणजे ती बहुतेक काळ उभीच राहणार, आणि उभ्या गाडीचे त्रास वेगळे. वरच्या दात्यांवरचं ऑइल तळाला उतरतं, उघड्या पडलेल्या धातूवर ओल धरते, सीलचा ओठ कोरडा होऊन कडक पडतो. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्टची चिलखती गाडी उभी आहे. तिच्यासारखी गाडी कायमची संग्रहालयात उभी करायची असते, घरची जीप पुन्हा चालवायची असते. तिला पंधरा दिवसांतून एकदा आठ-दहा किलोमीटर फिरवून आणलं की चारही घरांतलं ऑइल वरपर्यंत उडतं.

काम झाल्या रात्री जीप शेडमध्ये लावताना खाली जुनी वर्तमानपत्रं पसरावीत, पुढच्या एक्सलपासून मागच्यापर्यंत. सकाळी कागदावर दोन-चार ठिपके असतीलच. ट्रान्सफर केसखालचा एखादा थेंब या गाडीच्या जातीचाच आहे, त्यानं घाबरू नये, पातळी तेवढी बघत राहावी. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला डाग असेल तर ड्रम उघडावा, आणि त्या दिवशी गाडी बाहेर काढू नये. क्लचच्या घराखालचा थेंब कोड्यात टाकतो, कारण तिथे पुढून इंजिनचं ऑइलही येऊ शकतं आणि मागून गिअरबॉक्सचंही. तो बोटावर घेऊन वास घ्यायचा. गंधकाचा भपका आला तर गिअरबॉक्स, नाही आला तर इंजिनचं मागचं सील.